पुढची तारीख

लाल डोळा घेऊन आलेल्या माणसाला मी खोकल्याबद्दल विचारते, वजन उतरलंय का विचारते, अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का ते पाहते, तेव्हा तो बुचकळ्यात पडतो. ‘ताई, दुखतोय तो डोळा,’ असं एखादी आजी मला पुन्हा नीट समजावूनही सांगते. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत डोळ्यांचं काम करायला लागल्यापासून हे प्रश्न माझ्या तोंडात बसले आहेत. डोळ्याचं दुखणं डोळ्यापुरतंच असेल असं इथे गृहीत धरता येत नाही. फुप्फुसात, मानेच्या गाठीत, कातडीत किंवा नसांत दडलेला आजार कित्येकदा आधी डोळ्यात दिसतो आणि तो ओळखायला उशीर झाला तर नजर जाते.

आमच्याकडे सगळ्यात मोठी रांग मोतीबिंदूची असते. भातकापणीच्या दिवसांत कुसळ किंवा काडी लागून बुबुळाला जखम झालेले लोक येतात. शेतात डोळ्यात काही गेलं की आधी पाल्याचा रस, मग भगत, मग दुकानातून आणलेली थेंबांची बाटली आणि सगळं करून झालं की दवाखाना, असा क्रम अजूनही पुष्कळदा दिसतो. त्या बाटलीत स्टेरॉइड असलं की दोन दिवस बरं वाटतं. आत बुरशीची जखम असेल तर ती त्याच औषधाने पसरते आणि बुबुळावर कायमचं फूल पडतं. लहान मुलांचे डोळे तपासताना अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या खुणा शोधायच्या असतात. १९९२-९३ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याचं नाव राज्यभर झालं. कुपोषणाचा तो इतिहास आमच्या प्रत्येक केसपेपरच्या मागे असतो, आणि मोठ्या माणसांचे आजारही त्याला धरूनच वाचावे लागतात.

या गर्दीत अधूनमधून वेगळाच एक लाल डोळा येतो. चिपाडं नसतात, पाणी फार नसतं. उजेड सहन होत नाही, आत खोल ठणकतं, नजर धुरकट होते. डोळे येण्याची साथ असते तेव्हा असा रुग्ण त्या गर्दीत सहज हरवतो. सूज असते ती डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरात. त्याला आम्ही युव्हिआयटिस म्हणतो. हा आजार शोधायला स्लिट लॅम्प लागतो, बाहुली मोठी करायला थेंब लागतात आणि त्याहून जास्त लागतो तो वेळ.

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरून आलेली बाई मला या आजाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवून गेली. तिशी नुकतीच ओलांडलेली, वजन ३८ किलो. दोन्ही डोळ्यांना त्रास, पण आलटून पालटून. आज उजवा लाल, महिन्याभराने डावा. थेंब घातले की उतरायचं, बंद केले की परत उलटायचं. तिने पावसाळाभर ते अंगावर काढलं. आवणीच्या दिवसांत बाईमाणसाला डोळ्यासाठी खाडा करता येत नाही. भात निसवायला लागलं तेव्हा तिला चुलीवरच्या तव्यातली भाकरी नीट दिसेना, आणि मग नवरा तिला एसटीत घालून जव्हारला घेऊन आला. ‘डोळ्यापुढे काळं काळं तरंगतं, मी हातानं बाजूला करायला जाते,’ असं ती म्हणाली.

तिने स्लिट लॅम्पच्या पट्टीवर हनुवटी टेकवली आणि मी प्रकाशाची बारीक फट तिच्या बुबुळावर तिरपी टाकली. बुबुळाच्या आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्या भागात, पिवळट पांढरे, जाडसर, तुपकट ठिपके चिकटलेले होते. पाठ्यपुस्तकं त्यांना बकऱ्याच्या चरबीची उपमा देतात आणि ती तंतोतंत बसते. बुबुळ आणि बाहुलीच्या मधल्या स्वच्छ पाण्यात पेशी तरंगत होत्या. बाहुलीच्या कडेला दोन बारीक गाठी होत्या. थेंब घालून बाहुली मोठी केली, तर ती गोल उघडेना. जिथे मागच्या भिंगाला चिकटली होती तिथे अडून राहिली आणि कड दातेरी झाली. आतल्या काचद्रवात खालच्या बाजूला पांढरे गोळे साचले होते. अगदी कडेच्या पडद्यावर फिकट ठिपके होते आणि एका शिरेभोवती पांढरी पुटं चढली होती. हे सगळं दोन्ही डोळ्यांत. एवढं पाहायला बराच वेळ लागला. ती हलली नाही, कुरकुरली नाही. बाहेर रांग वाढत होती.

अशा जाड ठिपक्यांचा आणि गाठींचा अर्थ असा की शरीरातल्या संरक्षक पेशी कशाला तरी घेरून एकत्र जमल्या आहेत. या जमावाला ग्रॅन्युलोमा म्हणतात. डोळ्यात ग्रॅन्युलोमा करणारे आजार अनेक. गुप्तरोगांपैकी सिफिलिस त्यात आहे, त्यामुळे त्याची रक्ततपासणी मी प्रत्येकाची करते. पण आमच्या भागात प्रामुख्याने तिघांचा विचार करावा लागतो: क्षय, कुष्ठरोग आणि सार्कॉइडोसिस. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली पाहिला. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ साली दाखवला. नॉर्वेच्याच सीझर बेक या त्वचारोगतज्ज्ञाने १८९९ साली कातडीवरच्या ज्या गाठींचं वर्णन केलं, त्यातून सार्कॉइड हे नाव आलं. त्या आजाराचं कारण आजतागायत सापडलेलं नाही. पहिल्या दोघांचा जंतू शोधून निदान पक्कं करता येतं. तिसऱ्याचं निदान करायचं तर ग्रॅन्युलोमा दाखवावा लागतो आणि बाकीच्यांना एकेक करून बाजूला सारावं लागतं. मोखाड्यातल्या माणसाला सगळ्यात महाग पडते ती ही एकेक करून बाजूला सारण्याची वाट.

या तिघांतले दोन मला नेहमी भेटतात. जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत शिकून पुढे कॉलेजात गेलेला एक मुलगा एका डोळ्याच्या अशाच सुजेने आला. आतले ठिपके जवळपास तसेच. मानेला हात लावला तर बाजूला गाठी लागल्या. गाठीतून सुईने काढलेला नमुना सीबीनॅट यंत्रावर लावला आणि क्षयाचा जंतू सापडला. त्याचं नाव क्षयरुग्णांच्या निक्षय नोंदणीत चढलं, गोळ्या मोफत सुरू झाल्या, आशाताई घरी जाऊन गोळ्या मोजू लागली, पोषणासाठी बँकेत पैसे येऊ लागले. एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. त्या गोळ्यांतली इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या मुख्य नसेला त्रास देऊ शकते, म्हणून दर भेटीत त्याला रंगांच्या ठिपक्यांची पुस्तिका दाखवायची. आकडे न येणाऱ्यांसाठी त्याच पुस्तिकेत नागमोडी रेघा असतात. त्यांवरून बोट फिरवायला सांगितलं की लाल-हिरव्याची ओळख शाबूत आहे का ते कळतं. मुलगा बरा झाला, नजर पुरती परतली.

दुसरा रुग्ण जव्हार तालुक्यातले एक म्हातारे बाबा. त्यांचा डोळा लालही नव्हता. चष्मा मिळतो का पाहायला आले होते. पापणी पूर्ण मिटत नव्हती. कापसाचा बारीक धागा बुबुळाला लावला तरी त्यांनी डोळा मिटला नाही, म्हणजे संवेदना गेलेली. बाहुली बारीक झालेली, आत जुनी सूज चाललेली, आणि त्यांना दुखतच नव्हतं. कानाची पाळी जाड, भुवया विरळ. कुष्ठरोगाचा हा डोळा गाजावाजा न करता जातो, म्हणून तो शोधावाच लागतो. बाबांना बारा महिन्यांची बहुविध औषधं कुष्ठरोगाच्या कार्यक्रमातून मिळाली. रात्री मलम घालून पट्टी लावायची आणि दिवसा आठवणीने डोळे घट्ट मिटायचे, हे मी त्यांच्या नातीला शिकवलं. ती रोज त्यांना ओरडते, म्हणून ते करतात.

कुष्ठरोगासारखाच सार्कॉइडही चेहऱ्याची नस पकडतो. डेन्मार्कचे नेत्रतज्ज्ञ हीरफोर्ट यांनी १९०९ साली डोळ्यातली सूज, गालाच्या लाळग्रंथींची सूज, ताप आणि चेहऱ्याचा लकवा हे सगळं एकत्र दिसणारे रुग्ण नोंदवले होते. म्हणजे न मिटणारी पापणी, अंगावरच्या गाठी आणि डोळ्यात ग्रॅन्युलोमा, असा माणूस समोर बसला तर तिन्ही आजार माझ्यासमोर हजर असतात.

खोडाळ्याच्या त्या बाईला खोकला नव्हता, ताप नव्हता, अंगावर चट्टा नव्हता. पायाच्या नडगीवर उन्हाळ्यात लाल दुखऱ्या गाठी उठून गेल्या होत्या, एवढं खूप खोदून विचारल्यावर तिने सांगितलं. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सावली फुगलेली दिसत होती. क्षयासाठी हाताच्या कातडीत टोचून करतात त्या मांटू तपासणीत हातावर काहीच उठलं नाही.

या मांटूपाशी थोडं थांबायला हवं. डोळ्यातल्या सार्कॉइडचं निदान कसं करावं यावर जगभरचे तज्ज्ञ २००६ साली टोकियोत जमले आणि त्यांचे निकष २००९ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यात शोधायच्या सात खुणा त्यांनी सांगितल्या. जाड ठिपके, बाहुलीच्या कडेच्या गाठी, काचद्रवातले पांढरे गोळे, शिरांवरची पुटं, आजार दोन्ही डोळ्यांत असणं, अशा त्यातल्या बऱ्याचशा तिच्याकडे होत्या. तपासण्यांच्या यादीत त्यांनी हेही घातलं की बीसीजी घेतलेल्या माणसाची मांटू कोरी आली तर सार्कॉइडचा संशय बळावतो. कारण या आजारात कातडीची ती प्रतिक्रियाच मावळते. टोकियोत हे वाक्य सरळ लागू पडत असेल. मोखाड्यात ३८ किलोच्या बाईची मांटू कोरी येते तेव्हा तिचं पोट भरलेलं नाही म्हणूनही ती कोरी असू शकते. कुपोषणात कातडीला प्रतिक्रिया द्यायचंच बळ राहत नाही. मग आत क्षय असला तरी हात गप्प राहतो. त्यामुळे त्या कोऱ्या हाताला माझ्या हिशेबात वजन थोडं कमी द्यावं लागतं. रक्तातल्या एसीई नावाच्या घटकाचंही तेच. सार्कॉइडमध्ये तो वाढतो, पण इतर ग्रॅन्युलोमाच्या आजारांतही वाढू शकतो. इथे एका तपासणीवर निकाल देता येत नाही.

दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी आपल्या सार्कॉइडच्या रुग्णांच्या डोळ्यांबद्दल लिहिलेलं मी मुद्दाम वाचते. कोरियाचा आणि आमचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. शेजारच्या जपानमध्ये युव्हिआयटिसच्या कारणांत सार्कॉइड अगदी वरच्या जागी आहे. तिथे सार्कॉइडच्या रुग्णांचे डोळे इतके वारंवार बिघडतात की छातीच्या डॉक्टरला नेत्रतज्ज्ञ शेजारी लागतोच. कोरियात मात्र हा आजारच कमी, वर्षाला लाखामागे एखादा नवा रुग्ण; स्वीडनमध्ये तो आकडा अकराच्या आसपास जातो. कोरिया श्रीमंत झाला तरी क्षय तिथून हटला नाही; विकसित देशांच्या गटात बरीच वर्षं क्षयाचं प्रमाण तिथेच सर्वाधिक होतं. बाळाला बीसीजी तिथेही सर्रास देतात. म्हणजे डोळ्यात ग्रॅन्युलोमा पाहिल्यावर ‘क्षय की सार्कॉइड’ हा प्रश्न सोलच्या डॉक्टरलाही पडतो, आणि युरोपातल्या पुस्तकाचं उत्तर त्यालाही जसंच्या तसं उचलता येत नाही. फरक एवढाच की त्याच्या रुग्णाचा छातीचा सीटी स्कॅन लगेच होतो, गाठीचा तुकडा निघतो आणि रुग्ण पुढच्या तारखेला हजर असतो.

भारतातही सार्कॉइड फार दिवस जवळजवळ नसलेलाच आजार मानला गेला. कोलकात्याच्या डॉ. एस. के. गुप्ता यांनी १९९० साली पूर्व भारतातले तुकडा तपासून सिद्ध झालेले १२५ रुग्ण मांडले, तेव्हा पुष्कळांना आपल्या जुन्या फाइली आठवल्या असतील. दुसऱ्या बाजूने चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. अमोद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यातला क्षय नीट ओळखायला शिकवला. या दोन्ही कामांची सांगड घातल्याशिवाय आमच्यासारख्या ठिकाणी पाऊल टाकता येत नाही. कारण दोन्ही आजारांचे उपचार एकमेकांच्या उलट जातात. सार्कॉइडला स्टेरॉइड द्यायचं, तेही बरेच महिने. क्षय असताना जंतूविरोधी औषधांच्या आधाराशिवाय तेच स्टेरॉइड दिलं तर दबलेला क्षय उसळतो. उलट सार्कॉइडच्या रुग्णाला क्षय समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या तर यकृताला आणि डोळ्याच्या नसेला धोका, आणि तोवर आतल्या सुजेने पडद्याच्या मध्यभागी पाणी भरतं, काचबिंदू होतो, मोतीबिंदू पिकतो. फुप्फुसातला सार्कॉइड पुष्कळदा आपोआप मावळतो. डोळ्याकडे तेवढी सवड नसते.

तिला पुढे पाठवायचं ठरलं. सीटी नाशिकला, आणि तुकडा मुंबईत, छातीत दुर्बीण घालून. तिच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, किती रोज मोडतील?’ मोखाड्याहून तोरंगण घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशिकला पोचायचं, रांग लावायची, रिपोर्टसाठी पुन्हा जायचं. मुंबईला तर मुक्कामच. पाड्यावरचं भात कापायचं होतं. दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं होतं आणि त्याची उचल मुकादमाकडून घेऊन झाली होती. त्याच पैशात पावसाळ्यातलं धान्य आणि मुलाचं दुखणं निघालं होतं. उचल घेतलेला माणूस भट्टीवर गेला नाही तर मुकादम दारात येतो. त्याचा प्रश्न टाळाटाळीचा नव्हता. तो हिशेब मांडत होता, आणि हिशेब बरोबर होता.

आम्ही तो हिशेबच कमी करायला बसलो. नाशिकचं काम एकाच खेपेत होईल असं तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांशी फोनवर ठरवलं. रिपोर्ट फोनवर मागवले. तोवर डोळ्यात थेंब आणि बाहुली चिकटू नये म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू ठेवलं. मुंबईला तिच्याबरोबर तिचा भाऊ गेला, म्हणजे नवऱ्याला कापणी सोडावी लागली नाही. सीटीत छातीच्या मधोमध गाठी वाढलेल्या स्पष्ट दिसल्या. तुकड्यात ग्रॅन्युलोमा होते, पण क्षयात होतो तसा त्यांच्या मध्यभागी सडलेला भाग नव्हता. जंतूंचा रंग लावून काही सापडलं नाही, सीबीनॅट निगेटिव्ह आली. कल्चरला जास्त वेळ लागतो. तेही पुढे कोरंच आलं. छातीच्या डॉक्टरांनी आणि मी मिळून सार्कॉइडचं निदान पक्कं केलं.

मग खरं काम सुरू झालं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी रोज सकाळी ४० मिलिग्रॅम, नंतर हळूहळू उतरवायची. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, डोळ्याचा दाब तपासला. जंताचं औषध आधी दिलं, कारण अनवाणी शेतात चालणाऱ्या माणसाच्या आतड्यात एक जंत असा असतो की स्टेरॉइड मिळालं की तो अंगभर पसरू शकतो. कॅल्शियम दिलं. आणि तिला ठरलेल्या सूचना दिल्या: गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, मनाने बंद करायची नाही.

ती म्हणाली, ‘सकाळचं काय खायचं?’

सकाळी ती कोरा चहा पिऊन कामाला जात असे. पहिलं जेवण दुपारी, नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन किंवा नुसती मिरची. त्यात या गोळीने भूक प्रचंड वाढते. शहरातल्या बाया मला वजन वाढल्याची तक्रार सांगतात. या बाईने मला सांगितलं की रात्री भुकेने झोप लागत नाही आणि पोरांच्या वाटणीचं खाल्लं तर मन खातं. औषधाच्या पुस्तकात भूक वाढणं हा किरकोळ दुष्परिणाम म्हणून एका ओळीत येतो. ज्या घरात कणगीचा तळ दिसायला लागलाय, तिथे तो किरकोळ नाही. ते धान्य कुठून यायचं हा माझ्या उपचाराचाच भाग आहे, हे तिने मला दाखवून दिलं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून घरातल्या लहान मुलीचं नाव आहाराच्या यादीत घेतलं, रेशनचं अडलेलं काम मार्गी लावलं आणि आईच्या पोटावरचा ताण थोडा हलका झाला. सकाळी गोळीआधी रात्रीची अर्धी भाकरी राखून ठेवायची, असं घरात ठरलं. तिच्या सासूने ते काटेकोर पाळलं.

दिवाळी झाली आणि कुटुंब भट्टीवर गेलं. माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती. स्टेरॉइड एकदम बंद झालं तर डोळा उलटतोच, आणि शरीराचं स्वतःचं संप्रेरक तयार होणं थांबलेलं असतं म्हणून जीवावरही बेतू शकतं. तिला मी मराठीत मोठ्या अक्षरांत एक कार्ड लिहून दिलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव, कोणत्या तारखेपासून किती गोळ्या, बंद करू नये ही सूचना आणि माझा फोन. तिला वाचता येत नाही. भट्टीवरच्या शाळेत जाणारा पुतण्या वाचून दाखवायचा. गोळ्या उतरवण्याचा क्रम तिने दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवला, दर आठवड्याची एक गाठ सोडायची. भट्टीजवळच्या एका नेत्रतज्ज्ञांनी मधे एकदा डोळ्याचा दाब तपासून मला फोटो पाठवले. शिमग्याला सगळं गाव परततं. ती परतली तेव्हा उजवा डोळा स्वच्छ होता, जवळपास पूर्ण दिसत होतं. डाव्या डोळ्यात पडद्याच्या मध्यावर जुनी सूज राहिली होती आणि मोतीबिंदू धरायला लागला होता. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सुरू केली, रक्ततपासणीसह. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सूज बरेच महिने शांत राहिल्यावरच करायची होती. तशी ती केली. आता ती त्या डोळ्याने सुई ओवत नाही, पण नागली निवडते आणि एकटी एसटीने जव्हारला येते.

आश्रमशाळेत शिकलेल्या त्या क्षयाच्या मुलामागे एक अख्खा कार्यक्रम उभा होता. नोंदवही, मोफत औषध, घरी येणारी आशाताई, पोषणाचे पैसे, एखादी तारीख चुकली तर शोधत येणारा आरोग्य कर्मचारी. बाबांच्या मागेही तसाच कार्यक्रम होता. हे कार्यक्रम दशकानुदशकांच्या मेहनतीने उभे राहिले आहेत आणि त्यांनी आमच्या भागात असंख्य डोळे आणि जीव वाचवले आहेत. सार्कॉइडच्या बाईसाठी मात्र कुठल्याही वहीत रकाना नव्हता. तिचा आजार संसर्गजन्य नाही, म्हणून तिला शोधत कुणी येणार नाही. तिचं औषध क्षयाच्या औषधापेक्षा जास्त काळ चालणार, धोकेही कमी नाहीत, आणि तरी तिची पुढची तारीख केवळ तिच्या आणि माझ्या आठवणीवर टांगलेली.

या भागात सार्कॉइड दुर्मीळ आहे असं आम्ही सवयीने म्हणतो. ते खरंही असेल. पण ज्या आजाराचं नाव घ्यायला सीटी, दुर्बीण, तुकडा आणि पुन्हा पुन्हा येणं लागतं, तो आजार हातावर पोट असलेल्या माणसांत दुर्मीळच दिसणार. जो रुग्ण पहिल्या थेंबांनी बरं वाटल्यावर भट्टीवर निघून गेला, तो कुठल्याच आकड्यात आला नाही. कदाचित पुढच्या वर्षी तो आंधळ्या डोळ्याने येईल आणि केसपेपरवर ‘जुना युव्हिआयटिस, कारण अज्ञात’ एवढंच लिहिलं जाईल.

म्हणून मी आता मागणी फार मोठी करत नाही, पण धरून ठेवते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीतला स्लिट लॅम्प आणि त्यावर फोन लावून फोटो पाठवायची सोय असावी. क्षयाच्या मोहिमेसाठी पाड्यापाड्यांवर जी हातात धरायची एक्स-रे यंत्रं जाऊ लागली आहेत, त्यांवरच्या फुगलेल्या गाठींच्या सावल्या क्षय सिद्ध झाला नाही म्हणून बाजूला पडू नयेत. त्या माणसाचे डोळे एकदा तरी तपासले जावेत. आणि आशाताईच्या वहीत ‘लांब चालणारा इतर आजार’ असा एक रकाना असावा, ज्यात अशा माणसाची पुढची तारीख आणि तो स्थलांतरात कुठे जाणार आहे ते लिहिता येईल. आमच्या पाड्यांवरच्या आशाताईंनी माझ्या सांगण्यावरून वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहायला सुरुवात केली आहे. कुठलीही नवी यंत्रणा त्यासाठी लागली नाही. गेल्या खेपेला मोखाड्यात एका आशाताईने ते पान उघडून मला सांगितलं, ‘ताई, हा वसईला आहे, मुकादमाचा नंबर घेतलाय, येत्या शुक्रवारी तुमच्याकडे पाठवते.’ तो शुक्रवारी आला, आणि डोळ्यातली सूज परत उठायच्या आत त्याचं औषध बदलता आलं.